बोबडे हात

आई दारात उभी होती. कडेवर उमा, हातात वायरची पिशवी, आणि पिशवीतून झबल्याची एक बाही बाहेर लोंबत होती.

"हिला ठेवून घे," ती म्हणाली. "बोलाय लागंपातूर."

मी नुकतीच सकाळची ड्युटी करून आले होते. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मी तेव्हा इचलकरंजीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. गावातल्या सूतवाल्याला मुंबईच्या पेढीशी बोलायचं असलं की मधे मी. "बोला, लाइनवर आहेत. बोला ना. तीन मिनिटं झाली, वाढवू का?" दिवसभर हे केल्यावर घरी कुणी 'जेवलीस का' एवढं विचारलं तरी अंगावर काटा यायचा. एक्स्चेंजजवळ दोन खोल्या घेऊन मी एकटी राहायचे ती त्यासाठीच. लग्न राहून गेलं होतं. का राहून गेलं ते सांगत बसायचा मला तेव्हाही कंटाळा होता.

"आत तर ये," मी म्हटलं.

"आत येऊन काय करू? कांड्या तशाच टाकून आलीया."

अंकुश, माझा धाकटा भाऊ, दोन गल्ल्या पलीकडं राहायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे चार माग होते. आई त्याच्याकडंच असायची आणि धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरायची. अंकुश जन्मापासून ठार बहिरा. त्याची बायको रत्ना, तीही तशीच. उमा त्यांची दीड वर्षांची मुलगी. तिला मात्र ऐकू येत होतं. बारशाच्याही आधी आईनं तिच्या डोक्यामागं पितळी ताट आपटून खात्री करून घेतली होती. पोर दचकून रडली आणि तिला बघून आई आनंदानं रडली.

पण दीड वर्ष झालं तरी पोरीच्या तोंडातून शब्द नव्हता. बाबा नाही, काका नाही, काही नाही.

"रत्नाला माहीत हाय का?" मी विचारलं.

"खुणंनं सांगिटलंय. आत्याकडं निजायला चाललीया म्हणून."

"आणि रोज निजायला?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. "ते तू सांग त्यास्नी. बेस्तरवारी जावळ हाय, समदी असतील. तवा सांग. पोरगी बोलाय लागली की आणून सोडू म्हणावं. तुझं ऐकत्यात ती."

हे मात्र खरं होतं. अंकूचं तोंड म्हणजे मीच. शाळेत, दवाखान्यात, वाण्याच्या दुकानात, सूत घ्यायला, वीज तोडायला आलेल्या माणसापुढं, सगळीकडं मी. आमच्या खुणा आम्हीच बनवलेल्या. त्याच्या लग्नाच्या बैठकीत मांडवाच्या खर्चापासून ते 'मुलगी पसंत आहे का' इथपर्यंत सगळं माझ्या हातांतून आणि तोंडातून गेलं होतं. मुक्या माणसांच्या खुणांत प्रत्येकाला एक नाव असतं. अंकूनं माझं नाव लहानपणीच पाडलं होतं: चार बोटं आणि अंगठा तोंडापाशी नेऊन चोचीसारखे उघडायचे-मिटायचे. बोलणारी. त्याच्या दृष्टीनं तेवढंच माझं काम होतं.

"आई, थोडं थांबून बघूया की. काही मुलं उशिरा बोलतात."

"थांबून?" आई एकदम उसळली. "अंकूच्या वक्ताला समदी हेच म्हनली. थांब, पोरगं उशिरा बोलतंय. चार वर्सं थांबली मी. देवऋषी झालं, जिभंला मध लावून झाला, पोपटाचं उष्टं पेरू चारून झालं. आता न्हाई थांबणार. मुक्यांच्या घरात ऱ्हाऊन हीबी मुकी हुईल."

मला नाही म्हणायचं होतं. अंगात त्राण नव्हतं, आणि घरात कुणी नको होतं. पण त्याच वेळी दुसरीच एक गोष्ट डोळ्यांपुढं आली. ही पोर पाच वर्षांची झाली की रेशनच्या दुकानात टाचा उंच करून उभी असणार, आणि मागं उभे असलेले आईबाप काय म्हणतात ते वाण्याला सांगत असणार. मी तशी उभी राहिले होते. अंकू माझ्या फ्रॉकचं टोक धरून असायचा. लोक आधी त्याच्याकडं बघायचे, मग माझ्याकडं, आणि मग शेवटपर्यंत माझ्याकडंच बघायचे. हिची त्यातून सुटका होत असेल तर होऊ दे, असं मला वाटलं.

मी पिशवी घेतली.

आईनं घर बरोबर निवडलं होतं. मी ड्युटीवर असताना उमाला घरमालकीण चौगुलेकाकू सांभाळणार होत्या, आणि काकूंचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं. त्यांच्या ओसरीवर दगड ठेवला असता तरी तो चार दिवसांत बोलायला लागला असता.

उमा बोलायला लागली नाही. काकूंनी कावळा दाखवला, चिमणी दाखवली, गवळ्याची म्हैस दाखवली. "म्हण काऊ. म्हण की गं. काऽऽऊ." पोर काकूंच्या तोंडाकडं बघत राहायची, मग दाराकडं, मग पुन्हा तोंडाकडं. रडायची नाही, हट्ट करायची नाही, भरवलं तर दोन घास खायची. काकूंनासुद्धा त्या शांतपणाची भीती वाटायला लागली.

"इंदूताई, पोरीला सर्दी झालीय बघा," त्या मला म्हणाल्या. "सारखी नाक चोळतीया."

खरंच चोळत होती. तळहातानं, नाकाच्या डाव्या बाजूला, पुन्हा पुन्हा. नाक वाहत नव्हतं, अंग गरम नव्हतं. तरी मी तव्यावर ओवा भाजला, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि तिच्या नाकाशी धरली. ती शिंकली, माझ्याकडं बघितलं आणि परत नाक चोळलं. मग दोन्ही तळवे उताणे करून माझ्यापुढं धरले. उचलून घे म्हणत असेल असं वाटून मी उचलून घेतलं. तिनं मान फिरवली.

कधी ती एक हात छातीपुढून इकडून तिकडं हलवायची. "बघा कशी डोलतीया," म्हणून काकू टाळ्या वाजवायच्या. मग ती हलवणं बंद करायची.

मी दर दोन-तीन तासांनी ओवा लावत राहिले. दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मला मुलं कुठं होती?

जावळाच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी होते. उन्हानं पत्रा तापला होता. उमाला गोधडीवर निजवून मीही शेजारी आडवी झाले. सकाळी लाइनवर एक बाई लेकाशी बोलताना नुसती रडत होती, आणि तीन मिनिटं झाल्याचं तिला मला सांगावं लागलं होतं. डोळे मिटले तरी तिचं रडणं कानात होतं.

डोळे उघडले तेव्हा उमा गाढ झोपली होती आणि तिचे हात हलत होते.

आधी तळहात नाकावर गेला. सर्दी, मी मनात म्हटलं. मग दोन्ही तळवे वर उताणे झाले. मग एक हात छातीवरून इकडून तिकडं, इकडून तिकडं. परत तळवे उताणे. परत नाक.

मी उठून बसले. हे मी बघितलेलं होतं. अंकू लहान असताना असाच झोपेत हात हलवायचा. आई घाबरून त्याचे हात धरून ठेवायची, वारं गेलंय अंगावरनं म्हणायची. मी सहा वर्षांची होते. मी आईला सांगायचे, वारं नाही, तो झोपेत बोलतोय. आई ऐकायची नाही.

रत्ना नाकात चमकी घालते. डाव्या बाजूला. अंकू तिला खुणेत तेच म्हणतो: तर्जनीचं टोक नाकपुडीला. रत्ना अंकूला काय म्हणते? धोटा. मागावर तो पळतो तसा आडवा हात, छातीपुढून इकडून तिकडं. आणि दोन तळवे उताणे म्हणजे 'कुठं?'

दीड वर्षाच्या पोरीला एक बोट वेगळं काढता येत नाही. म्हणून ती अख्खा तळहात लावते. पाणी म्हणता न येणारं मूल मम्मम् म्हणतं, तसंच. उमाचे हात बोबडे होते, एवढंच. तीन-चार दिवस ती आईबापाला शोधत होती, ज्याला त्याला विचारत होती, आणि मी तिला ओवा हुंगवत होते. जगात हे बोलणं कळणारी जी चार माणसं, त्यांतली एक मी.

ती जागी होईपर्यंत मी तशीच बसून राहिले. डोळे उघडून तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा मी बोट नाकपुडीला लावलं आणि तळवे उताणे केले. आई कुठं?

तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. आधी ती हललीच नाही. मग तिचे दोन्ही हात एकदम सुटले. नाक, तळवे, नाक, धोटा, तळवे. तिच्या तोंडातून हुंदक्यासारखा आवाज यायला लागला आणि एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. काकू धावत आल्या. "काय झालं? बोलली का?"

"हो," मी म्हणाले.

काकूंना काही कळलं नाही. मीही समजावत बसले नाही.

त्याच संध्याकाळी तिला घरी नेऊन सोडता आलं असतं. मी सोडलं नाही. आईशी काही न ठरवता सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती परत पिशवी घेऊन दारात आली असती, हे एक. दुसरं म्हणजे त्या संध्याकाळी उमा माझ्याशी थांबायचं नाव न घेता बोलत होती. पाल दाखवत होती, पाल गेली म्हणत होती. मीही बोलत होते आणि घरात आवाज नव्हता. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा बोलून मला दमायला झालं नाही, ते त्या संध्याकाळी. ही माझ्याकडंच राहिली तर काय बिघडलं, असं मनात येऊन गेलं. येऊन गेलं म्हणजे बराच वेळ होतं.

जावळाच्या दिवशी अंकूनं माग बंद ठेवले होते, पण आजूबाजूच्या शेडमधले माग चालूच होते. त्या गल्लीत खडखडाट थांबत नाही. लोक एक तर ओरडतात नाहीतर हातानं सांगतात.

मी उमाला कडेवर घेऊन अंगणात पाय ठेवला. रत्ना चुलीपाशी पुरणाच्या पोळ्या करत होती. तिची पाठ आमच्याकडं होती. उमानं तिला बघितलं आणि माझ्या कडेवरच तिचे हात चालू झाले. पाठीला काय दिसणार? मग रत्ना वळली. लाटणं खाली पडलं, ते तिला ऐकू आलं नाही आणि तिनं उचललंही नाही. पीठभरल्या हातांनी ती पोरीशी बोलायला लागली आणि पोर तिच्याशी. रत्नाचा हात परत परत विचारत होता, जेवलीस का, जेवलीस का.

आई ओट्यावर वाती करत होती. तिनं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

रत्नाचा भाऊ मल्हारी जयसिंगपूरहून आला होता. मामाच्या मांडीवर बसून जावळ काढायचं. उमा आधी न्हाव्याकडं बघून बिचकली, मग मामाच्या सदऱ्याची गुंडी तोंडात घालून बसली. आईनं अंगणाच्या या टोकाकडून न्हाव्याला अंगठा ओठांकडं नेऊन विचारलं, चहा? न्हाव्यानं मान हलवली. मूठभर मऊ केस कागदात जमले. ओवाळणं झालं. मल्हारीनं तिला नवा झगा घातला.

"हं," आई माझ्याजवळ येऊन म्हणाली. "सांग आता."

अंकूला तेवढ्यानं कळलं. तो नेहमी आईचं तोंड हलताना बघायचा आणि मग माझ्याकडं बघायचा. हनुवटी वर करून त्यानं मला विचारलं, आई काय म्हणते?

लहानपणापासून त्यानं मला हे विचारलं आणि मी सांगत आले. माझं काम सांगायचं. चांगलं-वाईट बघायचं माझं काम नव्हे. डॉक्टर म्हणाले ऐकू येणार नाही, सांगितलं. मुलीकडचे म्हणाले मुकाच आहे तर जास्तीचं सोनं घाला, सांगितलं. मी हात वर केले. 'आई म्हणते,' एवढं झालं आणि पुढं हात चालेनात.

रत्ना माझ्या हातांकडं बघत होती. तिला काहीतरी अंदाज आला असावा. तिनं उमाला मांडीवर ओढून घेतलं.

उमानं तेवढ्यात आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. थांबली. परत फिरवला. मग रत्नाकडं बघून दोन्ही तळवे उताणे केले.

रत्नाला हसू फुटलं. तिनं न्हाव्याकडं बोट दाखवलं, त्यानं नेले. उमा न्हाव्याकडं रागानं बघायला लागली.

"केस कुठं गेले विचारतीया," मी आईला म्हणाले.

"कोन?"

"उमा."

आई पोरीकडं बघत राहिली. "कुनी शिकवलं तिला?"

"असं कोण शिकवंल? आजच्याआधी तिचं केस कधी गेलंतं? तिचं तिनंच जुळवलं. डोकं आणि कुठं. सगळी लेकरं असंच जुळवत्यात. चार दिवस ती माझ्याकडं आई कुठं, बाबा कुठं विचारत हुती. मलाच कळालं न्हाई."

"हे हातवारं हायत, इंदे. बोलणं न्हवं."

"मघाशी न्हाव्याला च्या पाहिजे का विचारलंस ते काय हुतं? तोंड उघडलंस का?"

"ते मागातलं. तिथं कुठं ऐकू येतंय?"

"मग हिच्या घरात तरी कुणाला ऐकू येतंय?"

मल्हारी मधे पडायला बघत होता. मी त्याला हातानं थांबवलं. आईचा चेहरा लाल झाला होता. रागापेक्षा भीतीच जास्त होती त्यात, पण मला तेव्हा रागच दिसला.

"अंकूला ऐकू येत न्हवतं," आई म्हणाली. "हिला येतंय. येतंय तर तोंडानं का बोलत न्हाई? ते सांग की. हातानं बोलून काय हुतंय? उद्या शाळंत बाईपुढं हात हलवंल?"

"कुणाचं ऐकून बोलंल ती? तुझ्याबिगर ह्या घरात तोंडानं बोलणारं कोण हाय? तू बोललीस कधी हिच्याशी?"

मी हे भांडणात बोलून गेले. उत्तर मागितलं नव्हतं. शेजारच्या शेडमध्ये कुठला तरी माग थांबला आणि परत चालू झाला. आई ओट्यावर बसली. हातातली वात ती पिळत होती.

"सवय मोडली गं," ती शेवटी म्हणाली.

"कसली?"

"लेकराशी बोलायची." ती माझ्याकडं बघत नव्हती. "अंकू चार वर्साचा हुईपातूर लई बोलली त्याच्याशी. न्हाऊ घालताना, जेवू घालताना. घसा सुकंपातूर बोलायची. काय इचारू नगंस, वासरं काय, चांदोबा काय. मग त्या डाक्तरनं सांगिटलं. म्हनजे चार वर्सं ते कुठंच पोचत न्हवतं. मी आपली भिताडाशी बोलत हुती." तिनं वात आणखी पिळली. "तवापासनं बारक्या लेकरापुढं तोंड उघडलं की हितं कायतर अडकतंय. हिलाबी जवळ घेती, पर तोंड उघडत न्हाई. म्हनून तुझ्याकडं आणली. तुला बोलाय येतंय."

मला एकदम वाईट वाटलं, आणि ते फक्त आईसाठी नव्हतं. मी सहा वर्षांची होते त्या साली. त्या दिवसापासून घर गप्प झालं होतं. आई मला काम सांगायची, रागवायची, पण बोलणं संपलं होतं. मला वाटायचं मी मोठी झाले म्हणून.

अंकूनं माझ्या खांद्याला हात लावला. हनुवटी वर. आई काय म्हणते?

आणि मी सांगितलं. आईनं मला जे सांगायला बोलावलं होतं ते नाही. आत्ता बोलली ते सगळं. तू बारका होतास तेव्हा आई तुझ्याशी चार वर्षं बोलली. खूप बोलली. तुला काही पोचलं नाही, म्हणून तिनं बोलणं सोडलं.

अंकू आईकडं वळला. मग त्यानं सावकाश हात हलवले. मला त्याची एक खूण आधी कळली नाही, पुन्हा विचारावी लागली. त्यानं तळहात गालाजवळ धरला आणि त्यावर फुंकर घातली.

"काय म्हणतोय?" आईनं विचारलं. आईनं आपण होऊन मला असं क्वचितच विचारलं होतं.

"म्हणतोय, तुझं तोंड त्याच्या गालापाशी असायचं ते आठवतंय." माझा आवाज नीट निघत नव्हता. एक्स्चेंजमध्ये असा आवाज निघाला असता तर सुपरवायझरनं लाइनवरून उठवलं असतं. "म्हणतोय, गालाला गरम वारं लागायचं. रोज. एक दिवस बंद झालं. का बंद झालं ते त्याला कळालं न्हाई."

आईनं पदर तोंडाला लावला. मल्हारी उठून उगाचच नळाकडं गेला. रत्नानं आमचे हात बघितले होते, तीही रडायला लागली, आणि तिला बघून उमानंही तोंड वाकडं केलं.

पदर सोडून आईनं हात पुढं केले. रत्नानं आधी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग तिनं पोर दिली.

"काय बोलू?" आईनं मला विचारलं.

"काय बी."

आई उमाच्या डोक्याकडं बघत बसली. तोंड उघडलं, मिटलं. मग वाकून पोरीच्या गालापाशी म्हणाली, "डोकं गार लागतंय व्हय गं, बाळा?"

उमानं तिच्या ओठांवर हात ठेवला आणि ओठ पुन्हा कधी हलतात त्याची वाट बघत बसली.

उमाची पिशवी मी सकाळीच बरोबर आणली होती. कशासाठी आणली, मला तेव्हा ठरवता आलं नव्हतं. ती मी दाराआड खुंटीला अडकवली. मी निघाले तेव्हा उमा रत्नाला काहीतरी सांगत होती. चिमूट नाकाशी नेऊन तिनं जोरात श्वास घेतला आणि माझ्याकडं बोट दाखवलं. रत्नाला अर्थ लागेना. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी ओव्याची पुरचुंडी, तवा, नाक, सगळं खुणेनं सांगितलं. रत्ना इतकी हसली की तिला बसावं लागलं. अंकूनं चिमूट नाकाशी नेऊन बघितली आणि पसंतीची मान हलवली. त्या दिवसानंतर तोंडापाशी चोच उघडणारी ती जुनी खूण त्यानं पुन्हा कधी केली नाही. आमच्यात पोरीचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. मी ठेवलंही होतं. ओठांवर दिसावं आणि आईबापाला निदान डोळ्यांनी तरी कळावं, म्हणून मुद्दाम 'उमा'. आमच्याकडं पुढं उलटंही झालं, पोरीनं आत्याचं नाव ठेवलं.

दिवाळीपर्यंत उमा तोंडानं बोलायला लागली. आईसारखीच, 'व्हय गं' आणि 'न्हाई बा' करत. आईनं मरेपर्यंत तिच्याशी बोलणं सोडलं नाही. शेवटी शेवटी तर पोर म्हणायची, आजी, जरा गप बस की.

मला ज्याची भीती होती ते मात्र टळलं नाही. पाचव्या वर्षी उमा रेशनच्या दुकानात टाचा उंच करून उभी राहिलीच. आजही अंकूचा रक्तदाब, रत्नाचं पेन्शन, सोसायटीची मीटिंग, सगळं तीच बोलते. नोकरी करून वर ते. कधी कधी शनिवारी ती माझ्याकडं येते, पर्स कोपऱ्यात टाकते आणि भिंतीला टेकून बसते. मी विचारत नाही, ती सांगत नाही. दोघींची तोंडं दमलेली असतात.

मग ती चिमूट नाकाशी नेते, आत्या. आणि अंगठा ओठांकडं, आजी मागात करायची तसा. मी उठून आधण ठेवते.